नावं ठेवणारे

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा ही नावं कागदोपत्री जाऊन त्या जागी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं यावीत, असं ठरलं. निर्णय योग्यच होता, खरं तर फार उशिरा झाला. नोकरीच्या अर्जावरचा पत्ता वाचूनच समोरच्याचा सूर बदलतो, हे ज्यांनी सोसलंय त्यांना त्याचं मोल वेगळं सांगायला नको. पण पाटी बदलली म्हणून गावाच्या कडेची वस्ती आत सरकत नाही. आणि गावाच्या तोंडात जुनं नाव असतंच. फार तर पाहुण्यांसमोर आवाज खाली येतो.

याच सरकारच्या दुसऱ्या टेबलावर उलटा व्यवहार चालतो. आरक्षण हवं तर जातीचा दाखला हवा, आणि दाखल्यावर जात लिहायची ती सरकारी यादीत आहे तशीच. गावच्या पाटीवरून पुसलेला शब्द तहसील कचेरीत आपणहून उच्चारावा लागतो. याचा दोष आरक्षणाला देणं सोपं आहे, पण चुकीचं. अन्याय जातीच्या नावाने झाला, तर भरपाईही त्याच नावाने मागावी लागणार. खरा पेच आहे तो हे नाव कोण ठरवतं याचा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखोंनी धम्मदीक्षा घेतली आणि जातीचं नाव टाकलं. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत मात्र बौद्धांना जागा मिळाली ती थेट १९९० मध्ये. मधली चौतीस वर्षं कित्येक कुटुंबं घरात बौद्ध आणि कागदावर महार अशी जगली. सरकारी भाषेने त्यांना ‘नवबौद्ध’ म्हटलं. सत्तर वर्षं होत आली, ‘नव’ अजून गेलेलं नाही.

इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कित्येक भटक्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, ‘गुन्हेगार जमाती’ च्या ‘विमुक्त’ झाल्या. शब्द चांगला निवडला होता. पण गावात चोरी झाली की पोलीस आधी पारधी पालावर जातात.

मग साहित्याने जे केलं ते सरकारच्या कल्पनेपलीकडचं होतं. लक्ष्मण माने यांनी १९८० मध्ये ‘उपरा’ लिहिलं, शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ मध्ये ‘अक्करमाशी’, लक्ष्मण गायकवाड यांनी ‘उचल्या’. गावाने तोंडावर फेकलेले शब्द या लेखकांनी मुखपृष्ठावर छापले. एकानेही त्यांना गोड पर्याय शोधला नाही. पांढरपेशा वाचकाला पुस्तकाच्या दुकानात तो शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारून पुस्तक मागावं लागलं, हा त्यातला सूड मला फार आवडतो. दलित पँथरनेही हेच केलं. १९७३ च्या जाहीरनाम्यात ‘दलित’ या शब्दात त्यांनी भूमिहीन शेतमजूर, कामगार, स्त्रिया सगळ्यांना घेतलं. गांधीजींनी रूढ केलेलं ‘हरिजन’ सौम्य होतं, पण ते वरून आलेलं. हे खालून आलं, म्हणून टोचलं.

वरून आलेल्या सौजन्याचा ताजा नमुना २०२३ चा. विधवांना ‘गंगा भागीरथी’ म्हणावं, असा प्रस्ताव एका मंत्र्यांकडून आला. लग्नपत्रिकेतलं ‘गं. भा.’ सरकारी कागदावर आणायचं, एवढीच त्यातली नवलाई. बायकांनी झोडपल्यावर निर्णय झालेला नाही, असा खुलासा झाला. त्याच्या आदल्याच वर्षी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला होता: नवरा वारला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. हेरवाडकर नावाच्या वाटेला गेलेच नाहीत. त्यांनी थेट बांगड्या फोडणारा हात धरला. मंत्रालयाला हे सुचू नये?

आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम सक्तीचा झाला आहे. ‘कोल्हाट्याचं पोर’ लिहिणाऱ्या डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी आईचं नाव मधे मिरवलं ते १९९४ मध्ये, तीस वर्षं आधी, आणि कोणत्याही शासननिर्णयाविना. तेव्हा त्यात बंड होतं. आता तो अर्जातला रकाना आहे. ही प्रगतीच, मी नाक मुरडणार नाही. फक्त आडनावाची जागा कोणी हलवलेली नाही, आणि नवी ओळख झाली की आपल्याकडे दुसराच प्रश्न असतो, ‘आडनाव काय?’ त्यावरून अंदाज लागला नाही, तर तिसरा: ‘गाव कुठलं?’