दिसलं का?

जोतिबाच्या गाभाऱ्यापुढे माणसाला उभे राहायला मिळतो तो एक क्षण. मागची रांग पुढे लोटते आणि आपण बाहेर पडतो. परवा पायरीवर बसलेल्या आईने विचारले, "दिसला का रे देव?" मी चटकन म्हणालो, "दिसला की!" खरे पाहता मला पुढच्या गृहस्थांचा फेटा तेवढा दिसला होता.

माझ्यामागेच बाहेर आलेला भाचा हसला. तो कोल्हापुरात डॉक्टरी शिकतो.

"मामा, आमच्या वर्गातही असंच चालायचं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा, मागं पोरं खोळंबलेली. सर विचारायचे, 'दिसलं?' आम्ही म्हणायचो, 'दिसलं, सर.' मला तर दोन महिने माझ्याच पापण्या दिसत होत्या!"

शरीरातल्या ऊतीचा तो काप जेमतेम पाच मायक्रॉन जाडीचा. रक्तातल्या तांबड्या पेशीच्या व्यासाहूनही पातळ. एका रंगाने पेशींची केंद्रके जांभळी होतात, दुसऱ्याने बाकीचे सारे गुलाबी. या डोंगरावर चैत्री यात्रेत गुलाल उधळावा, तसे ते दृश्य. नवख्याला त्यात काय उमजणार? मग पोरे पुस्तकात पाहून वहीत यकृताचे रेखीव षट्कोन काढीत. गंमत अशी, की ते षट्कोन डुकराच्या यकृतात स्पष्ट दिसतात. माणसाच्या यकृतात त्यांच्या सीमा पुसटच असतात. न पाहिलेले काढले आणि त्यालाच शाबासकी मिळाली!

आता म्हणे अख्खी काचपट्टी तुकड्यातुकड्याने कॅमेऱ्यात टिपतात, ते तुकडे जोडतात आणि पडद्यावर हवी तेवढी मोठी करून दाखवतात. सारा वर्ग एकच जागा पाहतो. एके दिवशी सर म्हणाले, "सीमा कुठे आहे, दाखव." भाचा उठला आणि म्हणाला, "सर, मला दिसत नाही." सर हसले. "बरोबर. ती तशी नाहीच."

मी मास्तर माणूस. ऐकून खजील झालो. "समजलं का?" असे मी वर्षानुवर्षे विचारीत आलो आणि "हो गुरुजी!" या एका सुरावर विसंबून पुढचा धडा उघडीत आलो. माणूस असे खोटे दुष्टपणाने बोलत नाही. आपण एकटेच आंधळे ठरू, या लाजेने बोलतो. पण उद्या याच मुलाच्या 'दिसलं' या शब्दावर कुणाच्या तरी घरातला दिवा अवलंबून असेल.

यंत्राने माणूस खरा होतो, असे मी म्हणणार नाही. पडद्यासमोरही माना एकदम डोलू शकतात. शिवाय स्वतः काच सरकवून जागा हुडकण्यातले शिक्षण वेगळेच. डोंगर पायी चढण्यासारखे. पण एकाच्या डोळ्यापुरते कोंडलेले दृश्य चारचौघांपुढे आले, की "कुठे?" असे विचारता येते. आणि "दिसलं" याहून "दिसत नाही" हे उत्तर पुष्कळदा अधिक ज्ञानाचे असते.

मी आईकडे वळलो. "आई, देव नाही दिसला. फेटा दिसला."

ती मनापासून हसली. "मग जा की परत रांगेत! मला तरी पहिल्या खेपेला कुठं दिसला होता?"

चांगभलंचा गजर चालू होता. मी पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो.