एका पेशीतले दोघे

आंब्याच्या वाळक्या फांदीवर पावसाळ्यात राखाडी, केसाळ पंखे उगवतात. नखाएवढे. उलटून पाहिले की खालच्या पापुद्र्यांना मधोमध चीर गेलेली दिसते. ही शिझोफायलम कम्यून नावाची बुरशी. अंटार्क्टिका सोडून जगभर सापडते, त्यामुळे तिचे कौतुक कुणाला नाही.

तिचे दोन तंतू भेटतात, पेशी एक होते. केंद्रके मात्र वेगळीच राहतात. आपल्या पेशीत आईचा नि बापाचा वारसा एकाच केंद्रकात असतो. इथे दोन वारसे दोन खोल्यांत, आणि बिऱ्हाड महिनोन्महिने चालते. पेशी विभागताना दोघे एकदमच विभागतात. तंतूच्या कुशीला फुटलेल्या आकडीतून एक नवे केंद्रक मागच्या पेशीत पोचते, की प्रत्येक घरी जोडी कायम.

ही जोडी कुणाशी जमते, त्यालाही नियम आहे. प्रत्येक केंद्रकाकडे दोन खास प्रथिनांच्या कृती असतात, पण त्याची स्वतःची दोन प्रथिने एकमेकांशी जुळत नाहीत. याचे एक नि त्याचे दुसरे एकत्र आले, तरच जोडजीवनाची जनुके जागी होतात. सगोत्र चालत नाही, म्हणा ना. गोत्रे आहेत 20 हजारांहून अधिक, त्यामुळे स्थळांची टंचाई नाही.

संसाराची उपमा इथेच थांबवतो, कारण पुढचे कुठल्याच संसारात मोजलेले नाही. 1998 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी या दोन केंद्रकांमधले अंतर मोजले. 2 मायक्रोमीटरच्या आत असतील, तर एससी-4 हे जनुक बोलते आणि एससी-3 गप्प. ती 8 मायक्रोमीटरपेक्षा दूर गेली, तर एससी-3 बोलू लागते, एससी-4 चा आवाज उतरतो. एससी-3 चे प्रथिन हवेत उभ्या राहणाऱ्या तंतूंना पाणी न धरणारे अस्तर देते. एससी-4 चे अळंबीच्या आतल्या हवेच्या वाटा कोरड्या ठेवते. जनुके तीच, पेशी तीच. बदलले काय, तर मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शांत मोजायचे अंतर.

चहा निवतोय आणि मी या आकड्यांपाशीच अडकलोय.

शेवटी पापुद्र्यांवरच्या गदेसारख्या पेशींत ती दोघे एकदाची मिसळतात. लगेच वारशाची वाटणी होते, चार बीजाणू वाऱ्यावर सुटतात. प्रत्येकाला आता परके गोत्र शोधायचे असते.