खाली बसणाऱ्याचा उजेड

औंढ्या नागनाथाचं दर्शन घ्यायचं तर खाली उतरावं लागतं. ज्योतिर्लिंग सभामंडपाच्या पातळीवर नाही, त्याखालच्या छोट्याशा भुयारी गाभाऱ्यात आहे. वाट अरुंद, छत ठेंगणं, कंबरेत वाकूनच पुढं सरकायचं. श्रावणातल्या सोमवारी आत समईचा धूर, बेलाचा वास आणि माणसांचा श्वास एवढंच असतं. तरी त्या दोन मिनिटांत काहीतरी होतं. बाहेरचा गोंगाट वर राहतो, हात पिंडीला लागतो आणि डोळे आपोआप मिटतात. नांदेडहून मी लहानपणापासून तिथं जात आलोय आणि दर वेळी हे होतं.

म्हणजे अंधारातच काही पावित्र्य असतं का? हा प्रश्न मला गेल्या वर्षी माझ्या पुतण्यानं घातला, तोही घराच्या नकाशावर बोट ठेवून. लातूरला तो घर बांधतोय. खाली तळघर, त्यात देवघर आणि त्याला लागून नीटची तयारी करणाऱ्या लेकीची अभ्यासाची खोली. माझी हयात बांधकामावर देखरेख करण्यात गेली, म्हणून नकाशा आधी माझ्यापुढं आला. मी म्हटलं, दोन्ही खोल्यांच्या बाहेरच्या भिंतीत खिडक्या घे आणि खिडक्यांपुढं जमिनीत मोकळे खड्डे सोड, म्हणजे वरचा उजेड आणि वारा खाली येईल. तो म्हणाला, "काका, एसी बसवतोच आहे की. आणि गाभाऱ्यात तरी कुठं खिडकी असते? अंधारात मन चांगलं लागतं."

त्याचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नव्हतं. आपल्याकडं आत्मा हृदयाच्या गुहेत आहे असं सांगितलंय. खरोशाच्या डोंगरात माणसांनी जांभ्या दगडात लेणी कोरली, तीही काही हौसेखातर नव्हेत. पण मला त्याच वेळी बृहदारण्यक उपनिषदातला जनक आठवला. तो याज्ञवल्क्याला विचारतो, माणसाला उजेड कशाचा? याज्ञवल्क्य सांगतो, सूर्याचा. सूर्य मावळला तर? चंद्राचा. चंद्रही मावळला तर? अग्नीचा. अग्नीही विझला तर? वाणीचा, कारण स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही अशा काळोखात माणूस आवाजाच्या दिशेनं जातो. आणि वाणीही थांबली तर आत्म्याचा. प्रवचनात आम्ही घाईघाईनं शेवटच्या उत्तरावर येतो. माझं मन मात्र पहिल्या उत्तरावर थांबतं. एवढा मोठा ब्रह्मवेत्ता, पण सुरुवात सूर्यापासून करतो. बाहेरचे सगळे उजेड एकेक करून संपले, तेव्हाच तो आतल्या उजेडाचं नाव घेतो.

चौथ्या उत्तराचा अर्थ मला पोथीतून कळला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपानं हादरला. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. आमच्या मराठवाड्याची जुनी घरं म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर माळवद. गळती लागली की वर आणखी पांढरी माती टाकायची, असं करत पिढ्यान्‌पिढ्यांचं ओझं डोक्यावर चढलेलं. बाहेर पडायला एक दार, आणि उजेडाला छतातलं सानं. हजारो माणसं त्या भिंती-माळवदांखाली गेली. जिथून आवाज आला तिथं गावकऱ्यांनी हातांनी उकरलं. जिथून आला नाही, तिथं कुठं उकरायचं हेच कळेना. पुढं पुनर्वसनाच्या कामावर त्या भागात फिरताना एका म्हाताऱ्यानं नव्या घराच्या भिंतीवरून हात फिरवला आणि एकच विचारलं, "सायब, ह्याला मागनं दार हाय का?" रंग कोणता, फरशी कोणती, जागा किती, काही विचारलं नाही.

तेव्हापासून माझी एक श्रद्धा पक्की झाली आहे. अंधार पवित्र होऊ शकतो, पण फक्त त्याच्यासाठी, ज्याला त्यातून बाहेर पडता येतं. औंढ्याला मी स्वतःहून उतरतो आणि दोन मिनिटांत वर येतो. पुजाऱ्याच्या हाती दिवा असतो, मागं पायऱ्या असतात. विसोबा खेचर आणि नामदेवांची कथा तर आमच्या भागात घराघरांत माहीत आहे: विसोबांचे पिंडीवर टेकवलेले पाय नामदेवांनी जिकडं वळवावेत तिकडं पिंडीच. देव सगळीकडं असेल तर त्याला आमच्या काळोखाची गरज नाही. गाभाऱ्यातला अंधार आमच्या भटकत्या डोळ्यांसाठी आहे. आणि जुन्या दगडी देवळांचे कारागीरही आत कोंडमारा होऊ देत नव्हते. अभिषेकाचं पाणी बाहेर जायला ते गाभाऱ्याला गोमुख ठेवत.

पाणी. लातूरकरांना ही गोष्ट पटवणं अवघड जातं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं ज्या गावानं पाहिलं, त्याला तळघरात पाणी शिरेल म्हणून सांगायचं कसं? पण आमचा पाऊस वर्षभराचा हिशोब दोन-चार तासांत चुकता करू शकतो. २७ जुलै २०२४ ला दिल्लीच्या ओल्ड राजेंद्र नगरात एका शिकवणीच्या तळघरातल्या वाचनालयात रस्त्यावरचं पाणी घुसलं आणि तीन विद्यार्थी बुडाले. त्या तळघराला परवानगी होती सामान ठेवायची. बातमी वाचली त्या दिवशी मला आमच्या लातूर-नांदेडची पोरं दिसत होती. अहमदपूर, देगलूर, मुखेडहून आलेली, अभ्यासिकेत रात्री बारापर्यंत मान खाली घालून बसणारी. त्यांना कुणी विचारलंय, तुमच्या खोलीला दुसरी वाट आहे का?

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाच्या जागेचं वर्णन येतं. तिथं कोवळं ऊन आहे, मंद वारा आहे, निर्मळ पाणी आहे, झाडं आहेत. माऊलींनी साधकाला जागा निवडून दिली आणि मगच आसन घालायला सांगितलं. नीटला बसणारी पोरगीही साधकच आहे. शास्त्रानं गृहस्थाला रोज करायला पाच महायज्ञ सांगितले. त्यातला नृयज्ञ म्हणजे आल्यागेल्या माणसाचा सत्कार. छपराखाली बसणाऱ्याला हवा आणि उजेड देणं मी त्यातच धरतो. नैवेद्य चुकला तर देव समजून घेईल. श्वासाच्या बाबतीत तसं नाही.

म्हणून पुतण्याला मी पहिल्यांदा सांगितलं, तळघरात झोपायची खोली करायची नाही आणि ते कुणाला भाड्यानं द्यायचं नाही. दुसरं, राष्ट्रीय इमारत संहिता म्हणते तसं तळघराचं छत भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान ०.९ मीटर वर घे, फार तर १.२ मीटर. जमिनीवरच्या त्या पट्ट्यात झरोके बसतात. पण माणूस सहज चढून बाहेर पडेल इतका खाली खिडकीचा उंबरा त्या पट्ट्यात येत नाही, त्यासाठी खड्डा लागतोच.

आणि हा खड्डा नीट झाला नाही तर तोच घराचा वैरी होतो. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, भेगेत अख्खा हात जातो. पहिला वळीव त्या भेगांतून थेट पायापर्यंत उतरतो, आणि मग तीच माती फुगून भिंतीला रेटते. म्हणून खड्ड्याच्या भिंती आरसीसीच्या आणि त्यांच्या मागं काळी माती न भरता मुरूम. खड्ड्याचा तळ खिडकीच्या उंबऱ्याहून चांगला वीतभर खाली, त्यात धुतलेली खडी, खडीखाली भोकांचा पाइप, आणि तो पाइप घरापासून लांब, उताराच्या बाजूच्या शोषखड्ड्यात. खड्ड्याची कड अंगणापेक्षा अर्धा फूट उंच आणि अंगणाचा उतार घराकडून बाहेर. आतल्या बाजूला पांढरा रंग, म्हणजे दुपारचं ऊन त्यावरून परतून थेट टेबलावर येतं. ओल धरत नाही, कुबट वास राहत नाही, पोथ्यांना आणि पुस्तकांना बुरशी लागत नाही, दिवसा दिवा लावावा लागत नाही.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते, तिच्याकडं गणपती तळघरातच बसतो. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी चालणाऱ्या घरबांधणीच्या संहितेत तळघरातल्या झोपायच्या खोलीला माणूस बाहेर पडेल अशी खिडकी सक्तीची आहे. तिच्यापुढचा खड्डा ४४ इंचांहून खोल असेल तर त्यात कायमची शिडी हवी. हा नियम मला एखाद्या स्मृतिवचनाइतका मोलाचा वाटतो. खाली असलेल्या माणसाचा कुणीतरी आधी विचार केला आहे.

पुतण्यानं सगळं मान्य केलं. वास्तू बघणाऱ्यांनी एका खड्ड्याची दिशा बदलायला सांगितली, तीही बदलली. त्यात माझी हरकत नव्हती, उजेड दोन्हीकडून येत होता. अडलं ते वरच्या जाळीवर. चोराच्या भीतीनं त्याला बाहेरून कुलूप हवं होतं. ते मी होऊ दिलं नाही. जाळी हलकी, कडी आतून, आणि पोरीचा हात पोचेल तिथं. देव बसवायच्या आधी तिनं ती कडी स्वतः काढायची, शिडीवरून अंगणात यायचं आणि मला दाखवायचं, असं ठरलंय.

"दिवसा ना, आजोबा?" तिनं विचारलं.

"रात्री," मी म्हटलं. "लाइट घालवून."