शीटमधली सहावी ओळ

मागच्या दिवाळीत मामेबहिणीनं मला एक काम सांगितलं. ‘दादा, तू इंजिनिअर आहेस ना, मला एक शीट करून दे.’ ती राष्ट्रीय विधी विद्यापीठात पाचव्या वर्षाला होती. मुंबईतल्या एका मोठ्या लॉ फर्मची ऑफर हातात होती, आणखी दोन ठिकाणी बोलणं चालू होतं आणि तिला देशातल्या मोठ्या फर्म शेजारी-शेजारी ठेवून बघायच्या होत्या. मी फोन घेताना हेच करतो. रॅम, बॅटरी, कॅमेरा, किंमत. म्हटलं, अर्ध्या तासाचं काम आहे.

दोन रात्री गेल्या. शेअर बाजारातली कंपनी असली की आकडे मिळतात. लॉ फर्म म्हणजे वकिलांची भागीदारी. ती बाजारात नसते, ताळेबंद कोणाला दाखवत नाही. जाहिरातही करत नाही, कारण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी वकिलाला जाहिरात करायला बंदी आहे. त्यामुळे फर्मची वेबसाइट उघडली की आधी एक खिडकी येते: मी स्वतःहून इथे आलो आहे, मला कोणी गळ घातलेली नाही, असं मान्य करा. मी पाच फर्मच्या साइटवर पाचदा मान्य केलं. गंमत वाटली. ज्यांच्याकडे देशातले सगळ्यात मोठे उद्योग रांग लावतात, त्यांच्या दारावर ‘आम्ही कोणाला बोलावत नाही’ अशी पाटी.

तर पाच ओळी झाल्या. सिरिल अमरचंद मंगलदास आणि शार्दुल अमरचंद मंगलदास, या दोन खरं तर एकाच घराच्या. मूळ फर्म १९१७ची, आईच्या मृत्युपत्रावरून दोन भावांत वाद झाला आणि २०१५मध्ये वाटणी झाली. आमच्याकडे वावराची होते तशीच, फक्त धुऱ्याऐवजी मुंबई आणि दिल्ली. तिसरी एझेडबी, झिया मोदींची. चौथी खेतान, १९११मध्ये कोलकात्यात सुरू झालेली. पाचवी ट्रायलीगल, २०००ची. रकाने केले: पहिल्या वर्षाचा पगार (सीनिअर मुलांकडून ऐकलेला, पंधरा-वीस लाखांच्या घरातला), कामाचे तास (हेही ऐकीवच, आणि ऐकून झोप उडेल असे), पार्टनर व्हायला लागणारी वर्षं, चेंबर्स आणि लीगल ५०० या ब्रिटिश प्रकाशनांनी दिलेला क्रम. शेवटचा रकाना, वर्षभरात किती मोठ्या व्यवहारांची कागदपत्रं केली. कोण कोणाला विकत घेतं, कोण कोणाला कर्ज देतं, त्याचे हे व्यवहार. मोठ्या फर्मचं बरंचसं काम कोर्टात नसतंच, ते करारांत असतं.

शीट शेअर केली. दुसऱ्या दिवशी उघडली तर खाली सहावी ओळ होती. तिनं टाइप केलं होतं: ‘यवतमाळ, जिल्हा न्यायालय.’

एका उन्हाळ्यात तिनं यवतमाळच्या एका वकीलकाकांच्या ऑफिसात इंटर्नशिप केली होती. त्यांनी सांगून ठेवलं होतं, परत यायचं तर खुर्ची आहे. मी रकाने भरायला घेतले. पगार: २०२४मध्ये बार कौन्सिलनं शिफारस केली की ज्युनिअर वकिलाला शहरात महिना वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार विद्यावेतन द्यावं. शिफारस, सक्ती नव्हे. पार्टनर व्हायला किती वर्षं: लागू नाही. क्रम: लागू नाही. व्यवहारांचं मूल्य: लागू नाही. सहाव्या ओळीत सगळीकडे ‘लागू नाही’. मी तिला लिहिलं, ही ओळ काढून टाक, तुलनाच होत नाही. तिचं उत्तर आलं, ‘ओळ चुकीची आहे की रकाने?’

यावर मी बरेच दिवस अडकून राहिलो. आणि अडकलो की मला २०१७ आठवतं.

त्या वर्षी मी कॉलेजात होतो, सुट्टीत घरी आलो होतो. कपाशी डोक्याच्या वर गेली होती. फवारणी करणारा माणूस झाडांमध्ये दिसायचा नाही, फक्त पंपाचा आवाज यायचा, आणि फवारा पानावर पडायच्या आधी त्याच्या तोंडावर पडायचा. ऑगस्ट ते ऑक्टोबर यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात विषबाधेच्या माणसांनी वॉर्ड भरले. जिल्ह्यात शेकडो शेतकरी-शेतमजूर भरती झाले, वीसच्या आसपास दगावले. कोणाला दिसेनासं झालं होतं, कोणी हात-पाय बांधून ठेवलेले, कारण ते बेभान झटकत होते. सरकारनं विशेष तपास पथक नेमलं, मृतांच्या घरच्यांना दोन लाख जाहीर केले. फवारलेली औषधं अनेक होती, बहुतेकांनी दोन-तीन मिसळलेली. त्यातलं एक सिंजेंटा कंपनीचं ‘पोलो’. स्वित्झर्लंडमध्ये ते २००९मध्येच बाजारातून गेलेलं होतं.

यानंतरची गोष्ट जिल्ह्याबाहेर फार कमी लोकांना माहीत असते. सप्टेंबर २०२०मध्ये यवतमाळच्या ५१ कुटुंबांच्या वतीनं स्विस सरकारच्या एका तक्रार-मंचाकडे अर्ज गेला. त्याशिवाय तिघांनी, दोन मृतांच्या बायका आणि एक वाचलेला शेतकरी, बाझल शहरात कंपनीकडून भरपाई मागितली. बाझल, कारण कंपनीचं मुख्यालय तिथं. कंपनीनं जबाबदारी नाकारली. तो तिचा हक्क आहे आणि तिचे वकील ते नीट मांडणारच. माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीवर आहे: यवतमाळच्या वावरात झालेल्या इजेसाठी दाद मागायला सात समुद्रापार का जावं लागलं?

कायदा नव्हता असं नाही. कीटकनाशक कायदा १९६८चा आहे. वकील नव्हते असंही नाही. हे लोकनायक बापूजी अणे यांचं गाव, वकिलीची परंपरा इथं शंभर वर्षांहून जुनी आहे. मोफत वकीलसुद्धा मिळतो: विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७चा, आणि त्यात बाईला उत्पन्नाची अटही नाही. पण असा खटला म्हणजे विषशास्त्राचे तज्ज्ञ, कंपनीची अंतर्गत कागदपत्रं, रक्ताचे अहवाल आणि अनेक वर्षं फुकट राबणारी पाच-सहा हुशार माणसं. अमेरिकेत वकील भरपाईतला वाटा ठरवून असा जुगार खेळतात. आपल्याकडे निकालावर फी ठरवायला बंदी आहे. म्हणजे जिंकेपर्यंतचा खर्च करणार कोण, तर ज्याच्याकडे आधीच पैसा आहे तो.

मार्क गॅलँटर नावाचा एक अमेरिकन अभ्यासक आहे, भारतीय कायद्यावर आयुष्यभर काम केलेला. १९७४मध्ये त्यानं एक लेख लिहिला: ज्यांच्याकडे आहे तेच कोर्टात पुढे का राहतात? त्याचं म्हणणं साधं आहे. कोर्टात दोन प्रकारची माणसं येतात, पुन्हा पुन्हा येणारी आणि आयुष्यात एकदाच येणारी. विमा कंपनी, बँक, औषध कंपनी पुन्हा पुन्हा येतात. त्यांना एक खटला हरला तरी चालतो, नियम आपल्या बाजूनं वळला म्हणजे झालं. नवऱ्याला विषबाधा झालेली बाई एकदाच येते. तिला तडजोडीत जे मिळेल ते आज हवं असतं, कारण उद्या किराणा भरायचा आहे. कोणी लबाडी न करताही वजन एका बाजूला झुकतं.

याच गॅलँटरनं पुढं भोपाळच्या वेळी भारत सरकारच्या बाजूनं न्यूयॉर्कच्या कोर्टात प्रतिज्ञापत्र दिलं, की अशा खटल्याला भारतातली व्यवस्था पुरी पडणार नाही. आणि भारतीय न्यायालयं पुरेशी सक्षम आहेत असं सांगणारं प्रतिज्ञापत्र युनियन कार्बाइडच्या बाजूनं कोणी दिलं? नानी पालखीवालांनी. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. १९८६मध्ये खटला भारतात परत आला, १९८९मध्ये ४७ कोटी डॉलरवर मिटला. पालखीवालांना मी खलनायक म्हणत नाही, त्यांचा मुद्दा प्रामाणिक असू शकतो. पण देशातली सर्वोत्तम कायदेबुद्धी त्या दिवशी टेबलाच्या कुठल्या बाजूला बसली होती, हे सांगणारा रकाना माझ्या शीटमध्ये नव्हता.

हे सगळं मी बहिणीला फोनवर सांगितलं. थोडा जोशातच. म्हटलं, वकिली आणि माझं काम यांत हाच फरक आहे. मी चांगला कोड लिहिला म्हणून शेजाऱ्याचा कोड बिघडत नाही. पण कोर्टात कौशल्य तराजूतल्या वजनासारखं असतं. एका पारड्यात टाकलं की दुसरं वर जातंच. म्हणून वकिलानं ‘मी फक्त माझं करिअर निवडतोय’ असं म्हणणं खोटं आहे. त्या निवडीत कायम एक तिसरा माणूस असतो, जो त्या खोलीत नसतो.

ती शांतपणे म्हणाली, ‘दादा, तुझ्या प्रोजेक्टमध्ये तू काय लिहितोस?’

मी अमेरिकेतल्या एका विमा कंपनीसाठी नियम लिहितो. कुठला क्लेम आपोआप मंजूर करायचा, कुठला बाजूला काढायचा, ते ठरवणारे. बाजूला काढलेल्यांतले किती जण पुन्हा पाठपुरावा करतात, याचा डॅशबोर्डही मीच केला. पाठपुरावा जितका कमी, तितका ग्राहक खूश. त्या डॅशबोर्डवर माणसं नसतात, टक्के असतात. हिंजवडीत बसून मला पारडं वर जाताना दिसत नाही, एवढाच फरक.

‘आणि,’ ती म्हणाली, ‘माझ्या शिक्षणाचं कर्ज आहे. बाबांचं वावर तारण आहे. सहा वर्षांपूर्वी तू पुण्याला गेलास तेव्हा तुला कोणी विचारलं का, की यवतमाळच्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर कोण लिहील? पेढे वाटले होते.’

वाटले होते. त्याग नेहमी त्याच माणसाकडे का मागायचा, जो नुकताच खड्ड्यातून वर आलेला असतो? पिढ्यान्पिढ्या वकिली असलेल्या मुंबईच्या घरातल्या मुलाला कोणी म्हणत नाही की तू केळापूरला जा. यवतमाळच्या मुलीलाच यवतमाळचं ऋण. हे मला पटत नाही. आणि तरी, तिच्याइतकी हुशार मुलगी आमच्या कोर्टात उभी राहिली असती तर समोरच्या बाजूला जरा जपून बोलावं लागलं असतं, हेही मनातून जात नाही. दोन्ही खरं आहे. बार कौन्सिलच्या नियमांत लिहिलंय की वकिलानं आपल्या प्रतिष्ठेला साजेशा फीवर येईल ते काम घ्यावं, खास कारण असल्याशिवाय नाकारू नये. छान नियम आहे. दार सगळ्यांसाठी उघडं, उंबरठा तेवढा फीएवढा उंच.

शीटचं काय झालं? मी एक रकाना वाढवला, ‘समोर कोण?’ पहिल्या पाच ओळींत बरंच काही भरता आलं: दुसरी कंपनी, सरकार, कर विभाग, कधी कामगार. सहाव्या ओळीत तिनं लिहिलं, ‘पहिल्या पाचांपैकी कोणीही.’

तिनं ऑफर घेतली. जुलैत रुजू व्हायचं होतं. धामणगावहून रात्रीची गाडी होती, मामा आणि मी सोडायला गेलो होतो. मामानं तुरीच्या डाळीचं पोतडं आणलं होतं, ती नको नको म्हणत होती. गाडी उशिरा होती. प्लॅटफॉर्मवर बसल्या बसल्या मामानं विचारलं, ‘बाई, तू तिकडं कोनाची केस लढशीन?’

‘बाबा, तिथं केस नाही लढत. पुढं भांडण होऊ नये म्हणून आधीच कागदं पक्की करतात.’

मामाला हे फार आवडलं. ‘मंग त लय चांगलं काम हाये. भांडन होऊच नाही द्याचं.’ थोडा वेळ तो रुळांकडे बघत बसला. मग म्हणाला, ‘दोघायच्या बाजूनं कागदं करता, का एकाच्या?’

‘एकाच्या.’

‘हं,’ मामा म्हणाला आणि पोतड्याची सुतळी सोडून पुन्हा घट्ट बांधायला लागला.