उतारशाळेपर्यंत नेणारी प्रीती

शास्त्रपाठ : लूक १०:३०-३५



सुरतेतील नवागाम-डिंडोली भागात खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. गुजरातेत १९६० साली राज्य स्थापन झाल्यापासून दारूबंदी आहे. तरी दारू घरात शिरायची ती शिरतेच. पिणारा शपथ घेतो, मोडतो, आणि आपण म्हणतो, "त्याचा पश्चात्तापच खरा नव्हता." असे बोलण्यापूर्वी त्याच्या मेंदूत काय घडते ते पाहू या.

मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. दोन पेशींमध्ये अतिसूक्ष्म फट असते. एक पेशी तीत रसायन सोडते, दुसरी ते झेलते. असा निरोप पुढे जातो. भुकेल्याला भाकर मिळाली, लेकरू गळ्यात पडले, की डोपामिन नावाचे रसायन सुटते आणि 'हे चांगले, पुन्हा कर' असे मेंदू शिकतो. ही देवाची देणगी आहे.

नशेचे पदार्थ तीत चोरवाटांनी शिरतात. तंबाखूतले निकोटीन, अफूतले मॉर्फिन व गांजातले द्रव्य शरीराच्या स्वतःच्या रसायनांचे सोंग घेतात. कोकेन सुटलेले डोपामिन परत आत जाऊ देत नाही. दारू पेशींना शांत करणारे निरोप वाढवते व जागे ठेवणारे दाबते. वाटा निराळ्या, पण शेवटी डोपामिनचा पूर येतो. पूर वारंवार आला की पेशी तो झेलण्याच्या जागा कमी करतात. मग लेकराचे हसूही फिके वाटते आणि नशेवाचून चैन पडत नाही. इच्छा एक आणि कृती दुसरी, ही ओढाताण पौलाने रोमकरांस पत्राच्या ७ व्या अध्यायात मांडली आहे. व्यसनी मनुष्य ती रोज भोगतो.

येथे एक धोका ध्यानात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडली तर दाबलेले निरोप उसळतात. हातपाय कापतात, भास होतात, झटके येतात, प्रसंगी प्राणही जातो. म्हणून प्रार्थनासभेत त्याला शपथ घ्यायला लावून एकटे घरी धाडू नका. प्रार्थना करा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सुरतेच्या नवीन सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी दूरध्वनी विनामूल्य आहे.

शोमरोन्याने जखमी मनुष्याला, तू या वाटेने का आलास, असे विचारले नाही. त्याने जखमा बांधल्या, त्याला उतारशाळेत नेले, आणि पुढल्या दिवसांचा खर्चही अंगावर घेतला. मज्जापेशी सावरायला महिने लागतात. तेव्हा आपली प्रीतीही तितकी टिकली पाहिजे. एकदा घसरला म्हणून त्याच्या घरी जाणे सोडू नका.

संडेस्कूलच्या शिक्षकांनो, मोहाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीनंतरही पक्व होत असतो. म्हणून पहिली पुडी, पहिला घोट टाळणे किती मोलाचे, हे मुलांना समजावून सांगा. मात्र ते सांगताना जपा : वर्गात खाली मान घालून बसलेल्या एखाद्या लेकराचा बाप पीत असेल. त्या लेकराला आपल्या शब्दांनी लाज नव्हे, आशा मिळावी.

प्रभू आपणांस असा धीर व अशी प्रीती देवो. आमेन.