ज्याचें त्यानें सांगावें

ज्याच्यावर आरोप आहे त्याचें म्हणणें ऐकून घेतल्यावांचून त्यास दोषी ठरवूं नये, हा न्यायाचा नियम इतका जुना व इतका सर्वमान्य आहे कीं, त्याचें समर्थन करावयास बसणें हेंच कोणास अनावश्यक वाटेल. चोर मुद्देमालासह सांपडला तरी त्यास वकील मिळतो, आणि खुनी मनुष्यासहि शिक्षेपूर्वीं तुला कांहीं सांगावयाचें आहे काय, असें विचारण्यांत येतें. परंतु न्यायालयाच्या पायऱ्या उतरून आपण समाजांत येतों, तेव्हां हा नियम बहुधा तेथेंच ठेवून येतों. लोकमताच्या न्यायासनापुढें निकाल आधीं लागतो, साक्षी मागाहून होतात, आणि आरोपीस बोलावण्याचें तर कारणच पडत नाहीं. समलिंगी स्त्रीपुरुषांच्या बाबतींत हें जितकें घडलें तितकें क्वचितच दुसऱ्या कोणाच्या बाबतींत घडलें असेल. त्यांच्याविषयीं धर्मोपदेशक बोलले, कायदेपंडित बोलले, वैद्य बोलले. आणि इतक्या सगळ्यांचें बोलून झाल्यावर त्या लोकांनीं स्वतः कांहीं सांगावें अशी अपेक्षा कोणास राहिली नाहीं. हें मौन मोडण्याच्या कामीं नभोवाणीवरील मुलाखतींचा वांटा मोठा आहे. त्या मुलाखतींच्या निमित्तानें जो एक नैतिक प्रश्न उभा राहतो त्याचा विचार येथें करावयाचा आहे. एखाद्या मनुष्याच्या आयुष्याविषयीं बोलण्याचा पहिला अधिकार कोणाचा, त्या विषयाच्या तज्ज्ञाचा, कीं ज्याचें तें आयुष्य आहे त्याचा?

या प्रश्नास मूर्त स्वरूप देणारी एक हकीकत अमेरिकेंत घडली. लुइस हिल या युद्धविरोधी गृहस्थानें १९४६ सालीं पॅसिफिका नांवाची संस्था स्थापन केली. जाहिरातींच्या पैशांवर न चालतां श्रोत्यांच्या वर्गणीवर नभोवाणी चालवावयाची, हा तिचा बाणा होता. १९५८ च्या नोव्हेंबर महिन्यांत तिच्या बर्कले येथील केंद्रानें समलिंगी लोकांच्या प्रश्नावर एक परिसंवाद प्रसृत केला. त्यांत मॅटाशिन सोसायटी या समलिंगी लोकांच्या संघटनेच्या मासिकाचे संपादक होते, एक मानसोपचारतज्ज्ञ बाई होत्या, आणि अशा एका मुलाची आईहि होती. पुढें १९६२ सालीं संस्थेच्या न्यूयॉर्क येथील डब्ल्यूबीएआय या केंद्रावर त्याच विषयाची एक चर्चा झाली. तींत बोलणारे सारे मानसोपचारतज्ज्ञ होते, आणि हा एक रोग असून आम्ही तो बरा करूं शकतों, असा त्यांचा सूर होता. ती चर्चा ऐकून रँडी विकर नांवाचा तरुण केंद्रावर गेला आणि म्हणाला कीं, या विषयाचे खरे जाणकार आम्ही आहोंत, तेव्हां आम्हांसहि वेळ द्या. केंद्रानें तें मान्य केलें. त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत आठ समलिंगी पुरुष ध्वनिक्षेपकापुढें बसून दीड तास बोलले. नोकरी टिकवितांना येणाऱ्या अडचणी, पोलिसांचा जाच, समाजाचें त्यांच्याविषयींचें आणि त्यांचें समाजाविषयींचें कर्तव्य, असे त्यांच्या बोलण्याचे विषय होते. ज्यांनीं कांहीं सनसनाटी ऐकावयास मिळेल म्हणून कान टवकारले असतील, त्यांची बरीच निराशा झाली असावी.

तरी गवगवा झालाच. नभोवाणीचे परवाने देणाऱ्या संघीय मंडळाकडे पॅसिफिकाच्या इतर कांहीं कार्यक्रमांबरोबर याहि कार्यक्रमाविरुद्ध तक्रारी गेल्या. १९६४ च्या जानेवारींत मंडळानें संस्थेच्या बाजूनें निर्णय दिला. कोणाच्याहि मनास न बोचणारें तेवढेंच प्रसृत करावयाचें ठरविलें तर अगदीं मिळमिळीत मजकुरास मात्र नभोवाणीवर जागा राहील, असा त्या निर्णयाचा आशय होता. परंतु रॉबर्ट ई. ली या सभासदानें निर्णयास संमति देतांनाहि एक स्वतंत्र टिपण जोडलें. त्याचें म्हणणें असें कीं, वैद्य व समाजशास्त्रज्ञ यांनीं या प्रश्नाची चर्चा केली असती तर ती उद्बोधक झाली असती; पण आठ समलिंगी पुरुषांनीं आपापले अनुभव सांगत बसावें, हें जबाबदार केंद्रास शोभणारें नाहीं. कुंटणखान्यांत ध्वनिक्षेपक नेऊन ठेवला तरी अशाच प्रकारची माहिती मिळेल, असेंहि त्यानें म्हटलें.

या सभासदाच्या उपमेंत जी तुच्छता आहे ती क्षणभर बाजूस ठेवली, तर त्याच्या आक्षेपांत विचारार्ह असा एक भाग आहे, आणि पुष्कळ सुशिक्षित मनुष्यें आजहि मनांतल्या मनांत त्याच्याशीं सहमत असतात. मनुष्य स्वतःविषयीं निःपक्षपाती असूं शकत नाहीं. ज्वर कशानें आला हें रोग्यापेक्षां वैद्यास अधिक कळतें. मग ज्ञात्याचें ऐकावयाचें सोडून भोक्त्याचें कां ऐकावें? याचें एक उत्तर वैद्यकाच्याच व्यवहारांत आहे. निदान वैद्य करतो हें खरें, पण कोठें दुखतें हें रोग्यानेंच सांगावें लागतें. आणि रोग्यानें मला कांहीं दुखत नाहीं असें सांगितलें, तर वैद्यास निदान आरंभापासून तपासून पाहणें प्राप्त होतें. येथें तर हा रोग आहे कीं नाहीं हाच वादाचा मुद्दा होता, आणि तज्ज्ञांनीं तो चर्चेपूर्वींच गृहीत धरला होता. ज्यांच्यापुढें उपचारासाठीं आलेलीं दुःखी माणसेंच तेवढीं येत, त्यांस सारींच तशीं दुःखी व रोगी वाटावींत यांत नवल नाहीं. सुखानें जगणारीं माणसें दवाखान्याची पायरी कशाला चढतील?

पुढें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. १९७२ सालीं डॅलस येथें अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या वार्षिक अधिवेशनांत एक वक्ता मुखवटा घालून व्यासपीठावर आला. त्याचा आवाज ओळखूं येऊं नये म्हणून यंत्रानें बदलला होता. मी मानसोपचारतज्ज्ञ आहें आणि समलिंगीहि आहें, असें त्यानें आपल्या व्यवसायबंधूंस सांगितलें. त्याचें नांव डॉ. जॉन फ्रायर, तें जाहीर होण्यास पुढें बरीच वर्षें जावीं लागलीं. १९७३ च्या डिसेंबरांत त्या संघटनेनें समलिंगी वृत्ति रोगांच्या यादींतून वगळली. हा बदल एकट्या त्या भाषणानें झाला असें कोणी म्हणणार नाहीं. शास्त्रीय संशोधन व चळवळ हीं दोन्हीं त्यामागें होतीं. परंतु तज्ज्ञ आणि भोक्ता अशी जी विभागणी त्या मंडळाच्या सभासदास स्वयंसिद्ध वाटत होती, ती किती कच्ची होती, हें त्या मुखवट्यानें दाखविलें. भोक्ते तज्ज्ञांच्याच रांगेंत बसले होते आणि भयानें गप्प होते.

या भयाचाच विचार केला म्हणजे या कामीं नभोवाणी इतकी उपयोगी कां पडली हें कळतें. १९६२ सालीं न्यूयॉर्कमध्यें तसे संबंध कायद्यानें गुन्हा होते. म्हणजे स्वतःविषयीं खरें बोलणें आणि गुन्ह्याची कबुली देणें यांत फारसें अंतर नव्हतें. अशा मनुष्यास मुद्रा लपवून वाणी तेवढी प्रकट करावयास मिळणें हें मोठें अभय होय. आपण नभोवाणीस आकाशवाणी म्हणतों. पुराणांतली आकाशवाणी हीहि देहावांचून येणारी वाणीच. पण ती निर्णय सांगते, आणि तिला उलट प्रश्न विचारण्याची सोय नसते. कंसानें ती ऐकली, पण तिच्याशीं त्याचा संवाद झाला नाहीं. मुलाखतींतला आवाज याच्या उलट असतो. त्यास विचारतां येतें, अडवितां येतें, तो चांचरतो, हंसतो, कधीं स्वतःचें बोलणें सुधारून घेतो. ज्यास आपण केवळ एक प्रकार म्हणून ओळखीत होतों त्याचें ऐकतां ऐकतां, ही कोणी विशिष्ट व्यक्ति आहे, असा बोध श्रोत्यास होतो. लॉस एंजेलिस येथें १९७४ पासून समलिंगी लोकांनींच चालविलेला एक कार्यक्रम नियमानें होऊं लागला, आणि १९८८ पासून त्याच शहरांतून दुसरा एक साप्ताहिक कार्यक्रम देशोदेशींच्या केंद्रांकडे जाऊं लागला. त्यांत राजकारण, वाङ्मय, नाटक हे सारे विषय येत. आम्ही रोगी नाहीं, एवढेंच जन्मभर सांगत बसण्याची पाळी ज्यावर येत नाहीं, तोच खऱ्या अर्थानें बोलूं लागला असें म्हणावें.

यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. असा मनुष्य बोलावयास बसविला म्हणजे त्याच्या विरुद्ध पक्षाचाहि एक मनुष्य शेजारीं बसविला पाहिजे काय? वादग्रस्त विषयाच्या सर्व बाजू मांडाव्यात असा समतोलाचा नियम अमेरिकेंत १९४९ पासून होता आणि तो १९८७ सालीं रद्द झाला. त्यानंतर एकाच पक्षाचे वक्ते तासन्‌तास बोलूं लागले. १९८८ पासून देशभर ऐकूं जाणाऱ्या रश लिंबॉ यांच्या कार्यक्रमांत, एड्सच्या निमित्तानें समलिंगी पुरुषांची थट्टा करणारें एक सदर कांहीं काळ चाललें होतें. त्याबद्दल मागाहून त्यांनीं स्वतःच खेद व्यक्त केला. तेव्हां समतोल नसण्याचे तोटे उघड आहेत. पण समतोल कोणत्या प्रश्नांत असावा याचाहि विवेक हवा. विवाहाचा कायदा कसा असावा, वारसा कोणास जावा, दत्तकाचे नियम काय असावेत, हे धोरणाचे प्रश्न होत. त्यांत दोन पक्षच काय, दहा पक्षहि असावेत, आणि ज्याचा धर्म अथवा ज्याची परंपरा या बदलास अनुकूल नाहीं त्यासहि आदरानें बोलूं द्यावें. मात्र समोर बसलेला मनुष्य माणूस म्हणून मान देण्याच्या योग्यतेचा आहे कीं नाहीं, हा दोन पक्षांचा विषय होऊं शकत नाहीं. तो एकदां वादास घातला कीं मुलाखत संपते आणि उलटतपासणी सुरू होते.

आपल्या देशांत हा विषय नभोवाणीपेक्षां न्यायालयांतच अधिक गाजला, आणि तेथेंहि हेंच तत्त्व दिसून येतें. महाराष्ट्रास तर या बाबतींत एक जुनी आठवण आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें. त्यांत वाचकांच्या प्रश्नांस उत्तरें देण्याची प्रथा होती. चेहरा न दाखवितां मनांतलें विचारण्याची ती त्या काळची सोयच म्हणावयाची. हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांविषयींच्या अशा प्रश्नोत्तरांबद्दल १९३४ सालीं मुंबईंत त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तरी कर्व्यांस दंड झालाच. पुढें भारतीय दंडसंहितेचें १८६० सालचें ३७७ वें कलम वादांत आलें. २००१ सालीं त्याविरुद्ध दिल्लीच्या उच्च न्यायालयांत गेलेला अर्ज एड्सप्रतिबंधाचें कार्य करणाऱ्या एका संस्थेचा होता. २००९ सालीं त्यास यश आलें, पण २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय फिरविला. असे लोक संख्येनें अत्यल्प आहेत, आणि त्यांच्या छळाचा पुरेसा तपशील न्यायालयापुढें मांडलेला नाहीं, हींहि कारणें त्यांत होतीं. ज्याचा तपशील सांगणें म्हणजे गुन्हा कबूल करणें, त्याचा तपशील कोणी व कसा सांगावा? २०१६ सालीं मात्र पांच व्यक्ति आपापल्या नांवानें न्यायालयापुढें आल्या आणि हें आमच्याच आयुष्याविषयीं आहे असें त्यांनीं सांगितलें. ६ सप्टेंबर २०१८ रोजीं प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरतें तें कलम घटनाबाह्य ठरलें. विवाहास मान्यता देण्याचें १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं न्यायालयानें नाकारलें, आणि तो प्रश्न अद्याप चर्चेचाच आहे.

एवढें सांगितल्यावर एक सावधगिरीची सूचना अवश्य वाटते. जो चांगलें बोलतो, शिकलेला आहे, ज्याच्या भाषेंत मार्दव आहे, त्याची मुलाखत ऐकून आपलें मन द्रवतें, आणि असे लोक असतील तर हरकत नाहीं, असें आपण उदारपणें म्हणतों. हें औदार्य फसवें आहे. न्याय ही उत्तम वक्तृत्वास द्यावयाची बिदागी नव्हे. जो चिडून बोलतो, ज्यास बोलतां येत नाहीं, किंवा ज्यास आपलें खाजगी आयुष्य कोणापुढेंहि मांडावयाचें नाहीं, त्याचाहि हक्क तितकाच आहे. सांगावें कीं न सांगावें हें ज्याचें त्यानेंच ठरवावें. सांगावयास लावणें हीहि एक सक्तीच आहे. मुलाखतीचा उपयोग आपलें अज्ञान दूर करण्याकडे आहे, त्याची परीक्षा घेण्याकडे नाहीं.

म्हणून माझ्या मतें या प्रकरणीं कर्तव्याचा मोठा वांटा बोलणाऱ्याकडे नसून ऐकणाऱ्याकडे आहे. अशी मुलाखत आपण बहुधा घरांतच ऐकतों. चार माणसें बसलेलीं असतात, आणि ऐकतां ऐकतां कोणी शेरा मारतो, कोणी हंसतो, कोणी उठून यंत्र बंद करतो. आपलें हें वागणें दूर बसलेल्या वक्त्यास कळत नाहीं. पण ज्यानें आजवर आपल्याविषयीं कोणास कांहीं सांगितलेलें नाहीं असें एखादें मूल, एखादी बहीण, एखादा भाचा त्याच खोलींत बसलेला असूं शकतो, आणि आपल्याला सांगावें कीं न सांगावें याचा निर्णय तो आपल्या त्या शेऱ्यावरून करीत असतो.