धीर की दिरंगाई?

आतड्याला पीळ पडणे हे विरळा घडते. पण घडले म्हणजे तासांचा हिशेब लागतो. पिळलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो व तो मरू लागतो. पोट फुगते, वारा सरत नाही, उलट्या होतात. अशा वेळी बालाघाटच्या खेड्यांतून आपण काय करतो? पोट चोळतो, एरंडेल पाजतो, प्रार्थना करतो आणि म्हणतो, "सकाळपर्यंत पाहू." चोळण्याने व एरंडेलाने येथे अपायच होतो.

प्रार्थनेविषयी आमचे म्हणणे नाही. रुग्णाच्या खाटेशी आम्हीही गुडघे टेकतो. पण शस्त्रक्रियेस नेणे हा अविश्वास, असे काही बंधू समजतात. लूक १४:५ मध्ये प्रभूने विहिरीत पडलेल्या बैलाची गोष्ट काढली. शब्बाथ दिवशीही त्याला कोण लगेच वर काढणार नाही? तेथे दोर आणणाऱ्याला कोणी अल्पविश्वासी म्हटले नाही.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आमची एक विनंती आहे. मुलाच्या वृषणाला पीळ पडला तर कधी कधी पोटच दुखते, आणि मूल लाजेने खरी जागा सांगत नाही. सुमारे ६ तासांत शस्त्रक्रिया झाल्यास तो अवयव बहुधा वाचतो. दुखणे सांगण्यात पाप नाही, हे मुलांना आधीच शिकवून ठेवावे.

स्वतःच्या अपमानात धरतो तो धीर. शेजाऱ्याच्या वेदनेत धरलेला धीर ही दिरंगाई होय. आधी रुग्णाला गाडीत बसवावे. वैनगंगेच्या पुलावरून केलेली प्रार्थनाही देव ऐकतो.